दोघींचा माठ

भामामावशींच्या घरात पाऊल टाकलं की समोर तिवईवर माठ दिसायचा. आलेल्या माणसानं चप्पल काढायची, शेजारचा पेला उचलायचा आणि आपल्या हातानं पाणी घ्यायचं. "पाणी द्या" म्हणायची पद्धत त्या घरात नव्हती. लातूरला आमच्या भिंतीला त्यांची भिंत. लहानपणी मी एकदा पाणी मागितलं, तेव्हा पोळपाटावरची नजर न काढता त्या म्हणाल्या होत्या, "हात न्हाईत का तुला? घे की."

ही पद्धत त्यांच्या वडिलांची. लिंबाजी इस्लापूरचे. वारा तिकडचा असला की पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्याची घरघर त्यांच्या दारापर्यंत यायची. एवढं पाणी कानाशी, पण शेतावर खुरपायला गेलेल्या बायकांना मालकाच्या घागरीला हात लावायची सोय नव्हती. ओंजळ करून खाली वाकायचं; वरून कुणीतरी धार सोडायचं. भामाबाई सात-आठ वर्षांच्या असताना आईबरोबर अशाच वाकलेल्या होत्या. धार सोडणाऱ्या बाईचं लक्ष कुठंतरी गेलं आणि पाणी नाकात गेलं. "जीव घुसमटला माझा," त्या सांगायच्या, "पर वर बघून थांबा म्हणायची हिंमत न्हाई झाली."

लिंबाजी छप्पन साली बौद्ध झालेले. लेकीचं ऐकून ते त्या आठवड्याच्या बाजाराला गेले आणि मोठा माठ घेऊन आले. तो त्यांनी ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवला. घरातल्यांना बजावलं, की या घरात माठ एकच राहील. कुणी येवो, कोणत्या जातीचा येवो, तो आपल्या हातानं बुडवून पाणी घेईल. भामाबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ केरबा या एका नियमावर वाढले. लग्न होऊन भामाबाई नायगावजवळ आल्या, नवरा लवकर गेला, मुलाला घेऊन त्या लातूरला आल्या आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये भाकऱ्या थापू लागल्या. गावं बदलली, घरं बदलली. माठ मात्र दारासमोरच राहिला.

मुलगा शेषेराव एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागला. सून आली सिंधु. घरी ब्लाऊज शिवायची, बोलायची कमी, हसायची तोंडाला पदर लावून. दुसऱ्या बाळंतपणात तिचा रक्तदाब चढला, अंगावर सूज आली ती उतरेचना. वर्षभरात तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मशीनवरून आली की ती भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि तिची शिलाई मशीन कापडाखाली झाकलेली असायची. मावशी मेसवरून आल्या की आधी ते कापड झटकायच्या, पुन्हा नीट घालायच्या. "बसंल ती परत," एवढंच म्हणायच्या.

किडनी बदलायची म्हणजे कुणाची तरी हवी. सिंधुची आई नव्हती, वडिलांना साखरेचा आजार, शेषेरावचा रक्तगट जुळला नाही. मावशींचा गट असा निघाला की तो कुणालाही चालतो. बाकीच्या तपासण्याही जुळल्या.

केरबामामा इस्लापूरहून धावत आले. माठातलं पाणी पिऊन त्यांनी विषय काढला. "अक्का, सुनेला किडनी दिलेली कुणी बघितली का? शेषाचं वय काय हाय? दुसरं लगीन..."

"तुझ्या बायकोचे गुडघे दुखत्यात ना रे?"

"हाव, दुखत्यात की."

"मंग तू केलं का दुसरं लगीन?"

"माझं वेगळं हाय अक्का."

"वेगळं काही न्हाई. तुला देतंय कोण!"

आत सिंधु कित्येक दिवसांनी हसली. मामाही हसले आणि मग डोळे पुसत म्हणाले, "थांब की जरा. पेपरात आलंय, किनवटचा नवा जिल्हा होऊन राहिलाय. जिल्हा झाला की मोठा दवाखाना येतो. आपल्या गावाजवळच समदं होईल."

"जिल्हा होईल तवा होईल," मावशी म्हणाल्या. "लेकरांना आई आज पायजे."

कायद्यात सासू ही सुनेची जवळची नातेवाईक धरली जात नाही. त्यामुळे औरंगाबादला त्यांना एका समितीसमोर बसावं लागलं. कुणी जबरदस्ती तर केली नाही ना, पैशाचा व्यवहार तर नाही ना, हे बघणं समितीचं काम. एका साहेबांनी विचारलं, "तुम्ही सुनेला किडनी का देता?"

"मंग कुणाला देऊ? शेजारणीला?"

"मुलानं दबाव आणलाय का?"

"त्यो?" मावशींनी दाराबाहेर उभ्या शेषेरावकडे हात केला. "त्याला कालपासून जेवण जाईना. त्यो काय दबाव आणतो!"

"मावशी, भीती वाटत नाही?"

"वाटते की. न्हाई कशी? पर ती मशीनवर जाताना मागं वळून लेकरांकडं बघती, ते मला बघवंना."

परवानगी मिळाली. हिवाळ्यात शस्त्रक्रिया झाली. सिंधुच्या पोटात नवी किडनी बसवल्याबरोबर तिथल्या तिथं लघवीचा पहिला थेंब उतरला, असं तिथल्या डॉक्टर सांगत होत्या. या डॉक्टर म्हणजे दानम्माबाई. देगलूरकडच्या, तिशीच्या आतबाहेरच्या. किडनी बदललेल्या माणसांना पुढं काय काय त्रास होतो, का होतो, यावर त्या संशोधन करत होत्या. महिन्यातून एकदा लातूरला येऊन त्या इकडच्या रुग्णांना तपासायच्या आणि प्रत्येकाला प्रश्न विचारायच्या.

घरी सोडताना त्यांनी शेषेराव, सिंधु आणि मावशी तिघांना समोर बसवून समजावलं. शरीर दुसऱ्याची किडनी परकी समजतं आणि तिच्यावर तुटून पडतं. म्हणून शरीराची लढायची ताकद औषधानं कमी करून ठेवावी लागते, जन्मभर. ताकद कमी म्हणजे साधा जंतूही महाग पडतो. सगळ्यात जास्त पाण्यातला.

"सिंधुचं पाणी उकळून वेगळं ठेवायचं," त्या म्हणाल्या. "वेगळा माठ, वेगळा पेला. तिच्या माठाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. कळलं ना मावशी?"

मावशींनी मान हलवली. शेषेरावनं मला नंतर सांगितलं, की परतीच्या गाडीत माय सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. टाके दुखतायत का विचारलं तर म्हणाली, "न्हाई."

वेगळा माठ आणला गेला नाही.

पण मावशींनी हयगय केली असं कुणी म्हणू नये. त्या पाणी उकळायच्या, गार करायच्या आणि त्या एकाच माठात भरायच्या. सगळ्यांनीच चांगलं पाणी प्यावं, मग वेगळं कशाला, असा त्यांचा विचार. थंडी होती तोवर ते निभलं. सिंधुचा चेहरा उजळला, मशीनवरचं कापड निघालं, भिंतीपलीकडून पुन्हा शिलाईची टकटक ऐकू येऊ लागली. मी तेव्हा नांदेडला एम.ए.ला होते, सुट्टीत आले की त्या आवाजानं कळायचं, सगळं ठीक आहे.

मग तो उन्हाळा आला. नळ कोरडे पडले. गल्लीत टँकर आला की निळ्या ड्रमांची रांग लागायची, भांडणं व्हायची, पाण्याला कधी गढूळ रंग असायचा तर कधी वास. वसतिगृहं रिकामी झाली, मुलं आपापल्या गावी गेली, मावशींची मेस बंद पडली. रेल्वेनं पाणी आलं त्या दिवशी लोक गाडी बघायला गेले, जसे पाहुणे बघायला जावेत तसे. मावशी गेल्या नाहीत. "धबधब्याच्या गावची हाय मी," म्हणाल्या, "पाणी डब्यात बसून आलेलं मला बघायचं न्हाई."

घरभराचं पाणी उकळायला गॅस पुरेना. मग त्या एक पातेलं उकळायच्या आणि माठातल्या टँकरच्या पाण्यात ओतायच्या. दुष्काळात कुणी दारात आलं तर पहिल्यांदा पाणीच हवं असायचं. गल्लीतली बाई, टँकरवाल्याचा माणूस, रस्त्यानं जाणारा कुणी. प्रत्येक जण चप्पल काढायचा, पेला बुडवायचा. मावशींनी एकालाही अडवलं नाही. सिंधु शिवता शिवता हे बघायची. तिला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं. पण जिनं स्वतःच्या पोटातलं काढून दिलं तिला आणखी एक माठ कसा मागायचा? तिनं तहानच कमी केली.

दानम्माबाई लातूरला आल्या की विचारायच्या, "पाणी वेगळं आहे ना?"

"हाव," शेषेराव म्हणायचा. सिंधु मान हलवायची. मावशी पदराशी चाळा करायच्या.

मे महिन्यात सिंधुला ताप आला. जुलाब लागले होते, ते तिनं लपवले. संडासाला पाणी लागतं आणि पाणी तर नव्हतंच. सांगायची लाज वाटली. लघवी कमी झाली, पाय सुजले, तेव्हा शेषेरावनं तिला औरंगाबादला नेलं. मावशीही गेल्या. मी सुट्टीवर होते, लेकरं आमच्याकडे ठेवली.

रक्ताचा अहवाल वाईट आला. किडनी थकल्याची खूण म्हणून जो आकडा बघतात तो चढला होता. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, शरीर किडनी नाकारतंय. आजच जड औषध सलाईनमधून सुरू करावं. त्या औषधानं शरीराची उरलीसुरली ताकदही खाली आणायची असते. दानम्माबाईंचं मन घेईना. पोटातला संसर्ग असेल तर तेच औषध सिंधुच्या जिवावर बेतलं असतं. जुलाबानं पाणी कमी पडलं असेल आणि नेहमीचं औषध रक्तात वाढून बसलं असेल, तर इलाज अगदी उलट: सलाईन द्यायचं, औषध कमी करायचं. तपासणीचे नमुने बाहेर पाठवलेले, त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी येणार होतं.

त्या पलंगाजवळ आल्या. "सिंधु, जुलाब किती झाले?"

"एकदोनदा."

"खरं सांग."

सिंधुनं तोंड भिंतीकडे वळवलं. दानम्माबाई शेषेरावकडे वळल्या. "घरचं पाणी? उकळलेलं? वेगळं?"

"हाव, वेगळंच हाय."

"न्हाई," मावशी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक हात कुशीवर, जिथं त्यांची स्वतःची खूण होती.

"माठ एकच हाय बाई घरात. समदे त्यातच हात घालत्यात. उकळलेलं थोडं, टँकरचं जास्त. आन जुलाब तिला चार दिसांपासून हायेत, मी बघून राहिले. ती बोलंना, मीबी बोलले न्हाई."

"माय!" शेषेराव ओरडला. "डॉक्टर दर खेपेला इचारत होत्या ना? एक माठ आणायला काय झालं होतं तुला?"

मावशींनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या दानम्माबाईंशीच बोलत राहिल्या. "तुमी म्हणल्या, कुणाचा हात लागू देऊ नका. असंच म्हणायचे आम्हाला. माझ्या बापानं त्यापायी माठ आणला होता. मला वाटलं, माझ्याच घरात, माझ्याच सुनेला मी वेगळं पाणी कसं ठेवू? तिला काय वाटंल? चुकलं माझं. पर आता ती किडनी जाऊ देऊ नका. ती बापाच्या माठापरीस मोठी हाय."

दानम्माबाई तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. जड औषध थांबलं. सलाईन लागलं, जंतूंवरचं औषध लागलं, नेहमीच्या गोळ्या कमी झाल्या. दुसऱ्या दिवशी नमुन्यांचं उत्तर आलं: औषध रक्तात दुपटीच्या वर गेलेलं, पोटात संसर्ग. किडनी नाकारली गेली नव्हती. हळूहळू लघवी वाढली. पिशवी भरताना मावशी पलंगाशेजारी बसून तिच्याकडे अशा बघायच्या, जशी एखादी बाई चुलीवर उतू येणाऱ्या दुधाकडे बघते.

शेषेराव दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आला. "घे," म्हणाला. "वेगळ्या कपात आणलाय, चालतोय का?"

"मेल्या," मावशी म्हणाल्या आणि चहा घेतला.

घरी जायच्या आदल्या दिवशी दानम्माबाई मावशींजवळ येऊन बसल्या. तपासणी नव्हती, कागद नव्हता. म्हणाल्या, "मावशी, आमच्या गावातही पाणी वरून वाढायचे. वाढणाऱ्यांच्या घरातली मी. वेगळा माठ म्हणताना माझ्या डोक्यात फक्त जंतू होते. तुमच्या कानावर ते कसं पडेल, हे मला सुचलंच नाही."

मावशींनी हातावर हात फिरवला. "तुमचं खोटं नव्हतं बाई. माझंबी खोटं नव्हतं. पोरीचा जीव मधी आला."

"आणखी एक राहिलं. तुम्हालाही आता एकच किडनी आहे. तुम्हीही या उन्हाळ्यात तेच पाणी प्यायलात. तुम्ही काय पिता हे मी एकदाही विचारलं नाही. माझे सगळे प्रश्न घेणाऱ्यासाठी होते. देणारं माणूस त्यात नव्हतंच."

"मंग आता इचारा," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर दानम्माबाईंनी आपले प्रश्न बदलले. "पाणी वेगळं ठेवता का" हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी त्या विचारू लागल्या, की पाणी कशानं काढता, किती जण काढतात, उकळायला गॅस पुरतो का. आणि हेच किडनी देणाऱ्यालाही. लातूर-नांदेडकडचे बाकीचे रुग्ण त्यांनी घरी जाऊन पाहिले. दोन घरांत मावशींना बरोबर नेलं. तिथल्या बायका डॉक्टरांना "हाव, हाव" म्हणाल्या. मावशी चुलीशी जाऊन बसल्यावर त्याच बायकांनी माठ दाखवला.

हे सगळं पुढचं. लातूरला उतरल्यावर मावशी घरी न येता आधी गंजगोलाईच्या बाजारात गेल्या. कुंभाराशी घासाघीस करून एक नवा माठ आणि शेजारच्या भांड्याच्या दुकानातून लांब दांड्याचं ओगराळं घेऊन आल्या. जुन्या माठाशेजारी दुसरी तिवई मांडली. घरात होता तेवढ्या गॅसवर झालं तेवढं पाणी उकळलं, गार करून नव्या माठात भरलं, वर झाकण घातलं. सिंधु दारात उभी होती. मी लेकरांना घेऊन आले होते, तीही उभी.

"आत्याबाई," सिंधु हळूच म्हणाली, "माझ्यासाठी आता..."

"तुझ्यासाठी कोण म्हणलं?"

मावशींनी झाकण काढलं, ओगराळ्यानं पाणी काढलं, पेल्यात ओतलं आणि आधी स्वतः प्यायल्या. घटाघट, सगळा पेला. मग दुसरा पेला भरून सिंधुच्या हातात दिला. "एक किडनी माझ्याकडं, एक तुझ्याकडं. माठ एकच लागंल ना दोघींना? पी. पोटभर पी."

सिंधु पाणी प्यायली. रडली नाही. पेला पालथा घालून ती शिलाई मशीनवर जाऊन बसली.

पुढच्या वर्षी केरबामामा आले तेव्हा मी तिथंच होते. किनवटचा जिल्हा झाला नव्हता. "यंदा नक्की," मामा म्हणत होते. बोलता बोलता त्यांनी चप्पल काढली, सवयीनं पेला उचलला. जुना माठ त्या दिवशी रिकामा होता. त्यांनी नव्या माठाचं झाकण काढलं आणि पेला बुडवायला हात घातला.

"थांब!" मावशी कडाडल्या.

मामांचा हात तसाच राहिला. त्यांचा चेहरा उतरला. "काहून गं अक्का? इटाळ हाय का मला? बापानं काय सांगितलं होतं, इसरलीस?"

मावशी उठल्या. खुंटीवरचं ओगराळं काढलं, पदरानं नव्हे, स्वच्छ फडक्यानं पुसलं आणि दांडा भावाच्या हातात दिला.

"न्हाई इसरले. आपल्याच हातानं घे म्हणला होता बाप. घे की. कोण नको म्हणतंय? पर यानं घे."

मामांनी ओगराळ्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. मग त्यांनी ते माठात सोडलं, भरून वर काढलं. दोन थेंब तिवईवर सांडले.

"सांडू नगंस रे," आतून मशीन थांबवून सिंधु म्हणाली, आणि लगेच जीभ चावली, कारण मामासासऱ्याला तिनं पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं.

"बघ," मावशी भावाला म्हणाल्या, "माझी किडनी बोलायला लागली."